माझे स्टेटस

"हात जरा वर घ्या," मी म्हणाले आणि वृंदावहिनींनी हात वर घेतले.

वृंदावहिनी म्हणजे गोसावी मेडिकलवाल्यांच्या घरच्या. माझ्या जुन्या गिऱ्हाईक. भाच्याच्या लग्नासाठी शिवलेल्या ब्लाऊजची ट्रायल चालली होती. बगलेत थोडा झोळ येत होता, तो मी टाचण्या लावून आत घेत होते. उरलेल्या टाचण्या माझ्या ओठांत होत्या.

"मालनताई, एक बोलू का? राग मानणार नसाल तर."

तोंडात टाचण्या, म्हणून मी नुसतीच मान हलवली. मला वाटलं, गळा खोल झाला म्हणणार.

"कालचं जरा जास्तच झालं हो."

मी टाचण्या काढून तळहातावर घेतल्या. "पाठीचा गळा ना? मी म्हणतच होते, पण तुम्हीच तसा सांगितलात."

"ब्लाऊजचं नाही म्हणत मी. तुम्ही काल जे लिहिलंत, ते." त्यांनी आवाज खाली आणला. "घरातलं बारीकसारीक ठीक होतं. ते मीठ, किल्ली वगैरे. आम्ही हसायचो, कधी डोळ्यांत पाणीही यायचं. पण हे अंगाला हात लागण्याचं... बायकाबायकांत बोलायला हरकत नाही. पुरुषमाणसंही बघतात ना."

मीठ आणि किल्ली. हे दोन शब्द मी जगात कुणाजवळ बोलले नव्हते.

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"सांगायला कशाला पाहिजे? तुमच्या स्टेटसला असतं की."

"पण ते माझं आहे."

"तुमचंच की."

"माझं म्हणजे माझ्या फोनमध्ये आहे ते. आत."

वृंदावहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. अर्धा टाचलेला ब्लाऊज अंगावर, एक हात अजून हवेत. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला आणि तो हात खाली आला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीतच नाही?"

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा आम्ही तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचो. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन. आमचे हे स्टँडवर कंट्रोलर. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लावायची ते बघायचं आणि माईकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. दिवसभर त्यांचा आवाज खिडकीतून आत यायचा. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. जतला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे." स्वच्छ, भरदार आवाज. गावातली पोरं त्यांची नक्कल करायची. तोच माणूस संध्याकाळी घरी आला की चपलांबरोबर आवाजही दाराबाहेर काढून ठेवायचा. भांडण नाही, दारू नाही, हात उगारणं नाही. पगार आणून माझ्या हातात. माहेरी जाऊन काय सांगणार? म्हणाले असते, एवढा गुणी नवरा, आणखी काय पाहिजे तुला?

आमची रेवती पुण्याला नोकरीला होती. दिवाळीला आली तेव्हा तिनं स्वतःला नवा फोन घेतला आणि जुना मला दिला. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर भरून दिले, फोन मराठीत करून दिला आणि निघायच्या दिवशी, बॅग भरता भरता, सगळं शिकवलंही.

"हे चॅट. हे कॉल. आणि हे स्टेटस. इथे काहीही टाकायचं. फोटो टाक, लिही."

"लिहून काय करायचं?"

"काही नाही. चोवीस तासांनी आपोआप जातं."

"कुठं जातं?"

"जातं गं आई. पुसलं जातं."

तिची गाडी लागली होती. तिच्या बापानंच माईकवर सांगितलं होतं.

ती गेल्यावर घर पुन्हा गप्प झालं. मी फोन उघडून बसले. चॅटमध्ये सगळी दुसऱ्यांची नावं. स्टेटसच्या जागी मात्र लिहिलं होतं, 'माझे स्टेटस'. मोठ्या स्टेटसची माणसं म्हणतात तो शब्द मला ठाऊक होता. आपलं कसलं आलंय स्टेटस, म्हणून मी मनाशी हसले. पण 'माझे' हा शब्द मला आवडला. माझे म्हणजे माझे, त्यात काय समजायचं राहिलं? आणि आज लिहिलेलं उद्या पुसलेलं. कुणाच्या हाती लागायची भीती नाही. हे तर फारच आवडलं.

त्या दिवशी मी लिहिलं, 'आज हे दिवसभरात एवढंच बोलले. मीठ. किल्ली. झोपतो.'

लिहिलं आणि पोटात अडकलेला वारा सरावा तसं बरं वाटलं.

मग रोज लिहायची सवयच लागली. जेवणं आटपली, ओटा पुसला की मी आतल्या खोलीत फोन घेऊन बसायचे. हे बाहेरच्या खोलीत आपला फोन घेऊन बसायचे. त्यांचा डेपोचा ग्रुप होता, ड्यूट्यांचे मेसेज त्यावर यायचे, तेच बघत असतील असं मी धरून चालले होते.

एकदा लिहिलं, 'आज माईकवर ऐकलं. जतच्या गाडीशी किती गोड बोलतात.' एकदा लिहिलं, 'बाजारात एक बाई म्हणाली, तुमचं लव्ह मॅरेज का हो? मी हो म्हणाले. का म्हणाले देव जाणे.' स्टुलावर बसून पाठ दुखते तेही लिहिलं. कधी गिऱ्हाइकांबद्दलही लिहिलं असेल, पण जास्त करून यांच्याबद्दलच. लिहून झालं की एकदा वाचून बघायचे. खाली एक डोळा यायचा आणि डोळ्यापुढे आकडा. मला वाटायचं, फोन बघून डोळ्यांना किती ताण पडला ते दाखवत असेल. आकडा फार मोठा झाला की मी फोन ठेवून द्यायचे. कधी एखाद्या गिऱ्हाइकाकडून हात जोडल्याचं चित्र यायचं, कधी लाल बदाम. वर बारीक अक्षरांत काही असायचं, ते मला चष्म्यातूनही दिसायचं नाही. मी समजायचे, ब्लाऊज नीट बसला.

आणि वृंदावहिनी ट्रायलला आल्या त्याच्या आदल्या दिवशी, का कुणास ठाऊक, मी लिहिलं होतं, 'यांचा हात माझ्या अंगाला लागून किती दिवस झाले ते मोजायचं मी सोडून दिलंय. दिवाळीला मीच उटणं लावलं तेव्हा यांनी डोळे मिटून घेतले होते.'

वृंदावहिनींनी पर्समधून त्यांचा फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. हिरव्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत माझं वाक्य होतं. दुसऱ्या बाईच्या फोनमध्ये, तिच्या हातात, तिच्या अंगठ्याच्या शेजारी. वर माझं नाव आणि माझा फोटो. रेवतीनं काढलेला, तुळशीजवळचा.

"हे तुमच्याकडे कसं आलं?"

"येत नाही ताई, ते असतंच. तुमचा नंबर ज्याच्याकडे सेव्ह आहे आणि ज्याचा तुमच्याकडे आहे, त्या सगळ्यांना दिसतं."

"सगळ्यांना म्हणजे?"

त्यांनी माझा फोन मागितला. मी दिला. त्यांनी त्या डोळ्यावर बोट ठेवलं आणि खालून नावं वर आली. रेवतीनं मी सांगितली तशीच भरलेली नावं. कांबळे मॅडम बालवाडी. जोशीकाकू पाठीला हूक. देशमुखांची नवी सून. पोस्टातली बाई. पैठणी तांबडी. एकेक नाव वर सरकत होतं आणि प्रत्येक नावाला एक चेहरा होता. माझ्या या खोलीत उभा राहिलेला, माझ्या टेपाखालून गेलेला. मी त्यांची मापं घेत होते तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या.

मधेच एक नाव आलं, लवटे ड्रायव्हर अस्तर.

लवटे सांगलीच्या गाडीवर असायचा. तिथल्या दुकानातून माझं अस्तराचं पार्सल आणून द्यायचा. म्हणून त्याचा नंबर.

पुढची नावं मी वाचली नाहीत. फोन ओढून घेतला.

"पुसा हे. आत्ताच्या आत्ता पुसा."

त्यांनी पुसून दिलं. जागा रिकामी झाली.

"गेलं ना आता?"

वृंदावहिनी पर्सची चेन लावत राहिल्या.

"गेलं ना?"

"इथून गेलं. पण त्या लवट्यानं स्क्रीनशॉट काढलाय म्हणतात."

"काय काढलंय?"

"म्हणजे फोटोच समजा. फोनवर जे दिसतंय त्याचा फोटो. तो मग पुसला जात नाही. त्यानं तो ड्रायव्हरांच्या ग्रुपवर टाकला. सकाळी आमच्या दुकानात एसटीतले दोघे खाकीवाले वाचून हसत होते. मालकांनी त्यांना गप्प केलं आणि मला म्हणाले, जाऊन सांग त्यांना. म्हणून आले हो मी. ब्लाऊजची घाई नव्हती."

"मग इतके महिने का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम लिहिताय!" त्या कळवळून म्हणाल्या. "देवाशपथ. आम्ही बायका म्हणायचो, मालनताई बघा कशा धीट आहेत. आपल्याला जमलं नसतं. मी रोज सकाळी चहा घेताना आधी तुमचं वाचायचे."

हे त्यांनी माझं कौतुक म्हणून सांगितलं. मला मात्र एवढंच कळलं, की गेले कितीतरी महिने मी दार उघडं टाकून अंघोळ करत होते आणि येणारी-जाणारी बाई थांबून, बघून, पुढे जात होती. चांगल्या मनाच्या बायकाही बघत होत्या. त्या जास्त वेळ थांबत होत्या इतकंच.

मी त्यांच्या अंगावरच्या टाचण्या काढल्या. एक टाचणी त्यांना लागली.

त्या गेल्यावर मी दार लावून घेतलं. आधी वाटलं रडावं, पण रडूही येईना. खिडकीतून यांचा आवाज आला. आटपाडीची गाडी उशिरा सुटणार होती. हा माणूस तिथं बसलाय, खाकीवाल्यांच्या मधोमध, आणि त्याला काही माहीत नाही. कुणीतरी त्याच्या तोंडासमोर फोन धरेल आणि म्हणेल, वाचा साहेब, वहिनींनी काय लिहिलंय. ते दुसऱ्या कुणी करायच्या आत मीच जाऊन सांगायला हवं होतं. काय सांगणार होते, ते मला माहीत नव्हतं.

स्टँडवर मी एरवी कधी जायचे नाही. डबा द्यायलासुद्धा नाही. त्या दुपारी पदर डोक्यावरून घेऊन मी गेले. कँटीनच्या बाकावर पाच-सहा जण बसले होते. लवटे होता. मला बघून त्यांचं बोलणं थांबलं.

"या वहिनी, या," लवटे म्हणाला. फार अदबीनं म्हणाला.

मी पुढे गेले. पाठीमागून कुणीतरी हळू म्हणालं, "मीठ-किल्लीकडे निघाल्या." मग खसखस पिकली.

मला पायरी दिसेना. म्हणजे यांना नावही पडलं होतं. आणि नाव काही एका दिवसात पडत नाही.

केबिनमध्ये हे एकटेच होते. पुढ्यात माईक, वेळापत्रकाचा फळा, खिडकीत चहाचा रिकामा ग्लास. मला दारात बघून खुर्चीतून उठले.

"काय झालं? रेवती?"

"रेवती बरी आहे." मी दाराला धरून उभी राहिले. "माझ्या हातून एक झालंय. मला शब्दाचा अर्थ कळला नाही आणि मी... तुम्ही ऐकून घ्या आधी. मग काय बोलायचं ते बोला."

ते पुन्हा खुर्चीत बसले.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"कालचं?"

"सगळंच."

"लवट्यानं दाखवलं?"

"नाही. तुझा नंबर माझ्या फोनमध्ये आहेच की. पहिल्या दिवशीच दिसलं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी दार सोडून आतल्या स्टुलावर बसले.

"सगळ्यांना दिसतंय, हे माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि मला माहीत नाही, हेही?"

त्यांनी हातातल्या पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "रेवतीनं फोन केला होता. म्हणाली, बाबा, आईला कळत नाहीये बहुतेक, तिला सांगा. माझ्यानं सांगवत नाही म्हणाली, मीच शिकवलं होतं. मी म्हटलं, मी सांगतो."

"मग?"

"नाही सांगितलं."

तेवढ्यात कराडची गाडी वळून आत आली. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा गाडीकडे, आणि माईकचं बटण दाबलं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. कराडला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर येत आहे." तोच आवाज. कुठे कापरं नाही, अडखळणं नाही. मी समोर बसून डोळे पुसत होते. त्यांनी बटण बंद केलं आणि आवाज एकदम खाली आला, जणू दुसरंच कुणी बोलत होतं.

"सांगितलं असतं तर तू लिहायची थांबली असतीस."

"मग थांबले असते! काय बिघडलं असतं?"

"मग मला कसं कळलं असतं?"

"मला विचारायचं होतं! एका घरात राहतो आपण. एका ताटात जेवलोय."

"ते जमत नाही मला." ते माईककडे बघत बोलत होते. "इथं वाक्य ठरलेलं असतं. गावाचं नाव तेवढं बदलायचं. घरी काय बोलायचं ते ठरलेलं नसतं. घरी येईपर्यंत मी मनात जुळवायचो. दारात आलो की जायचं."

"म्हणून साऱ्या गावाला माझं मन वाचू दिलंत?"

त्यांनी रिकामा ग्लास उचलून पुन्हा खिडकीत ठेवला.

"लोक हसत होते तुम्हाला. नाव ठेवलंय तुम्हाला. लाज नाही वाटली?"

"वाटायची ना. रोज वाटायची. कँटीनला जायचं सोडलं मी. चहा इथंच मागवतो." मग थोडं थांबून म्हणाले, "पण जेवणं झाली की तू आत फोन घेऊन बसायचीस. मी बाहेर माझा घेऊन बसायचो. वाट बघत. कधी तुला लिहायला उशीर व्हायचा. तेव्हा वाटायचं, आज काही लिहिणार नाही ही."

मला तेव्हा आमच्या घरातली नवी खुर्ची आठवली. पाठीला टेकण असलेली. मशीनपुढचं स्टूल काढून तिथं ती आणून ठेवली तेव्हा म्हणाले होते, डेपोत लिलाव होता.

आता हे सगळं सांगताना गोड वाटतं. तेव्हा गोड वाटलं नाही. तेव्हा मला त्यांचा इतका राग आला होता, की तो ग्लास उचलून फोडावासा वाटला. मी लिहिलं होतं ते कुणासाठीच लिहिलं नव्हतं. त्यातलं एक अक्षरही मी यांना सांगायला निघाले नव्हते. मी बोलते आहे हे मलाही माहीत नव्हतं, आणि हा माणूस पलीकडच्या खोलीत बसून ऐकत होता. साऱ्या गावाबरोबर.

"मला घरी जायचंय," मी म्हणाले. "पण त्या बाकावरून पुन्हा जायला लावू नका."

"दुसरी वाट नाही," ते म्हणाले. मग शेजारच्या खिडकीतल्या क्लार्कला हाक मारून माईक बघायला सांगितलं आणि माझ्याबरोबर निघाले.

रस्त्यानं हे नेहमी माझ्यापुढे चालायचे. त्या दिवशी बरोबरीनं चालले. बाकावरचे सगळे अजून तिथंच होते. मी खाली बघत होते, मला त्यांचे नुसते बूट दिसले.

"काय साहेब," लवटे म्हणाला, "किल्ली सापडली का?"

हे थांबले. मी त्यांच्या बाहीला धरलं, चला म्हणाले, पण ते हलले नाहीत.

"लवटे," ते म्हणाले. तोच माईकवरचा आवाज, पण माईकशिवाय. "हिनं लिहिलंय ते सगळं खरं आहे. एक अक्षर खोटं नाही. हसायचं असेल तर मला हसा. हिला नाही."

कराडच्या गाडीच्या खिडक्यांतून माणसं वळून बघायला लागली. ज्यांना आतापर्यंत काहीच माहीत नव्हतं त्यांनाही आता काहीतरी आहे हे कळलं. लवट्यानं मान खाली घातली. बाकीचे इकडेतिकडे बघायला लागले.

नंतर वृंदावहिनी मला म्हणाल्या, किती छान बोलले हो तुमचे मालक. असेल. मला त्या वेळी वाटलं, धरणीनं मला पोटात घ्यावं. जे फोनमध्ये होतं ते आता यांनी भर स्टँडवर मोठ्यानं सांगितलं होतं. मी बाही सोडली आणि जवळजवळ पळतच घरी आले.

पुढचे कितीतरी दिवस मी घराबाहेर पडले नाही. मशीनवर चादर टाकून ठेवली. देशमुखांची नवी सून तिचं न शिवलेलं कापड परत न्यायला आली. तिच्या नवऱ्यानं सांगितलं होतं, त्या बाईकडे जायचं नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच तिनं ते घेतलं आणि घेताना माझा हात दाबला. मीच हात मागे घेतला. मला कुणाचीच कणव नको होती. कांबळे मॅडम आल्या, त्यांना कापड शिवायचं होतं की नुसतं बसायचं होतं कळेना. बराच वेळ बसल्या. जाताना म्हणाल्या, "माझंही तसंच आहे हो. मी फक्त लिहीत नाही."

रेवतीचा फोन आला. ती रडत होती. "आई, मला वाटलं एवढं तर तुला माहीत असेल. स्टेटस म्हणजे सगळे बघतात, हे काय सांगायचं असतं?"

"हो, सांगायचं असतं," मी म्हणाले. "आता रडू नकोस. या फोनमधला एकेक शब्द मला समजावून सांग. आणि प्रत्येकाचं मला हेच सांग, की हे कुणाला दिसतं."

दर रविवारी ती फोनवर सांगायची आणि मी ऐकायचे. सेव्ह म्हणजे काय, ग्रुप म्हणजे काय, ब्लॉक केलं की समोरच्याला कळतं का. फॉरवर्ड केलेलं परत घेता येतं का. मी शेवटी तोच प्रश्न विचारायचे आणि ती न कंटाळता उत्तर द्यायची. स्टेटसला मी पुन्हा कधी हात लावला नाही.

यांच्याशी मी बोलत नव्हते. पूर्वी आम्ही बोलायचो नाही ते वेगळं होतं. आता मी ठरवून बोलत नव्हते. ते कामावर जायचे, यायचे, माझ्याकडे बघायचे, आणि तोंड उघडता उघडता मिटायचे. मला दिसायचं ते. मी मदत केली नाही. त्यांना मी त्या गोष्टीसाठी माफ केलं का, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

मग एका सकाळी मी मशीनवरची चादर काढली. कांबळे मॅडमचा ब्लाऊज राहिला होता. यांची साप्ताहिक सुट्टी होती. मी बाही जोडत होते आणि हे खिडकीशी उभे होते, माझ्याकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत.

"पहिल्या दिवशी माईकवर बसलो," ते म्हणाले, "तेव्हा माझ्या तोंडाला कोरड पडली होती."

मी वर बघितलं नाही. पायानं मशीन चालूच ठेवलं.

"फलाटाचा नंबर चुकलो. मायणीच्या गाडीला जतचा फलाट सांगितला. एक म्हातारी होती, हिरवं लुगडं, हातात कोंबडी. माझं ऐकून ती जतच्या गाडीत चढली. कळलं तेव्हा गाडी वेशीबाहेर गेली होती. तेव्हा फोन कुठले? मी दिवसभर वाट बघितली, परतीच्या गाडीनं येईल म्हणून. आली नाही. तिचं पुढे काय झालं कुणास ठाऊक. कुणाला सांगितलं नाही मी हे. साहेबांना नाही, तुलासुद्धा नाही. नवीन लग्न होतं आपलं. त्या दिवशी घरी आलो आणि तू विचारलंस, कसा गेला पहिला दिवस. मी म्हटलं, बरा."

मला ते आठवत होतं. त्या दिवशी मी शिरा केला होता. बरा, एवढंच म्हणून त्यांनी तो खाल्ला होता.

"दुसऱ्या दिवसापासून," ते म्हणाले, "मी वाक्य आधी मनात म्हणायला लागलो. पुरतं जुळलं की मगच बोलायचं. मग ती सवयच..."

ते थांबले. मी मशीनचा वेग जरा वाढवला. त्या आवाजाच्या आडोशानं ते पुन्हा बोलायला लागले. म्हातारीचं, तिच्या कोंबडीचं, जतच्या त्या ड्रायव्हरचं, मग आपल्या वडिलांचं, जे त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. वाक्यं मोडकी होती, मागची पुढे येत होती. तोंड खिडकीकडेच होतं. बाही केव्हाच जोडून झाली होती. मी ती काढून मांडीवर घेतली, दोरा तुटून लोंबत होता, सुईखाली काही नव्हतं. मी पाय थांबवला नाही. थांबवला असता तर ते गप्प झाले असते.